अक्कांनी राखलेला गाळा

जागा बघायला गेल्या की अक्का आधी चपला काढायच्या, पदर खोचायच्या आणि सरळ मातीत बसायच्या. जागेचा मालक सातबारा हातात धरून उभाच असायचा. त्याच्याकडं न बघता त्या माझ्याकडं बोट करायच्या. "कागद ह्यो बघील. मी बसून बघते."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. मला वाटलं, बाईंना भोवळ आली. पळत जाऊन समोरच्या हॉटेलातून तांब्याभर पाणी आणलं. अक्का शांतपणे पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं केलास. आता तूबी बस." माझ्या अंगावर नवी टेरिलीनची पँट होती. बसलो. सकाळी कचेऱ्या उघडायच्या वेळेपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही त्या मोकळ्या प्लॉटवर बसून होतो. जाणारे-येणारे विचारायचे, "काही हरवलंय का?" अक्का म्हणायच्या, "न्हाई, सापडतंय का बघलालाव."

लातुरात ज्यांचं येणंजाणं आहे त्यांनी अक्कांच्या घरच्या इमारती नक्की पाहिल्या असतील. खाली गाळे, वर डॉक्टर, वकील, क्लासेस. गाळ्यापुढं गुडघ्याइतक्या उंचीचा रुंद ओटा. तो ओटा दिसला की समजायचं, ही इमारत अक्कांची. कंपनीच्या पाटीवर नाव दुसरंच आहे, पण गावात कुणी ते घेत नाही. मी त्या घरात सगळी लिखापढी केली. बरीच वर्षं केली. त्यातलं एक पत्र मात्र मी लिहायला नको होतं. अक्कांबद्दल सांगायचं तर तेही सांगावं लागेल.

अक्का निलंग्याकडच्या एका खेड्यातल्या. सासरचं छोटं किराणा दुकान. दुष्काळाच्या साली त्या दुकानात थोडाफार माल होता, पण घ्यायला गावच नव्हतं. गाव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेलेलं. अक्कांचे मालक रोज दुकान उघडायचे, फळीवरची धूळ पुसायचे आणि बंद करायचे. घरात खायची तोंडं सात. दुकानदाराच्या घरच्या बायकांनी उन्हात कामाला जायचं नाही, अशी घराची रीत. अक्का मला सांगायच्या, "रीत भिजवून खाता येत न्हाई रे लेकरा." त्या गेल्या कामावर. सासू महिनाभर बोलली नाही, पण अक्कांनी कामावरून आणलेली सुकडी मात्र नातवंडांना वाटून द्यायची.

पुढं त्यांनी मिरची आणि हळद घेऊन आठवड्याचे बाजार धरले. बाजारातल्या जागेला कागद नसतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. जो दर बाजारी बसतो त्याची जागा. सलग तीन बाजार मोकळी दिसली की दुसरा येऊन बसतो आणि त्याला कुणी उठवत नाही. अक्कांच्या शेजारी एक बांगड्या भरणारी बसायची. सगळा बाजार तिला बी म्हणायचा. अक्कांहून थोडी मोठी, बोलायला तिखट. धाकट्याच्या बाळंतपणात अक्कांचे बाजार चुकले. लसणाचा एक व्यापारी त्या जागेवर पोतं टाकायला आला. बीनं आपली निम्मी टोपली अक्कांच्या जागेवर मांडली आणि म्हणाली, "बैठी है ना वो. पानी पीने कू गई."

दुसऱ्या बाजारी तेच. तिसऱ्या बाजारी लसूणवाला चिडला. "तीन आठवडे झाले बी, कुठल्या गावाला गेली पाणी प्यायला?"

"दुष्काळ है रे बाबा," बी म्हणाली. "पानी दूर है."

बाजार हसला आणि अक्कांची जागा राहिली. अक्का हे सांगताना दर वेळी हसायच्या. "त्या साली ती जागा गेली असती तर आम्ही कुठं असताव, सांग बरं," असं मला विचारायच्या. मी बी.कॉम. झालेलो, मला उत्तर यायला हवं होतं.

मिरचीतून कांडपयंत्र आलं, कांडपाच्या मागं घर लातूरला आलं. तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या मागं अर्ज घेऊन माणसं आली. त्या माणसांना चहा हवा, टाइप करणारा हवा, शिंपी हवा, आणि या सगळ्यांना बसायला गाळा हवा. अक्कांच्या दिरांनी, काकांनी, स्टँडजवळचा एक सपाट प्लॉट ठरवला होता. अक्का तिथं दिवसभर बसल्या आणि नको म्हणाल्या. त्याऐवजी कचेऱ्यांच्या वाटेवर, चढाला लागून असलेली काटेरी, खड्ड्याची जागा त्यांनी पसंत केली. काकांनी कपाळाला हात लावला.

"वैनी, हितं काय हाय?"

"हितं सायकली उतरतात."

चढ असल्यामुळं प्रत्येक सायकलवाला तिथं उतरून सायकल ढकलायचा. अक्कांचं म्हणणं असं, की सायकलीवरचा माणूस रस्ता बघतो आणि उतरलेला माणूस दुकान बघतो. गावचं दुकान, कांडपयंत्र, सगळं मोडून त्या जागेवर पत्र्याचे पाच गाळे उभे राहिले. भिंती वर आल्या त्याच महिन्यात मी कामाला लागलो.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. पदवीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी अक्कांपुढं ठेवला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा केला, परत दिला. "बाप काय करतो?"

"हमाल आहेत."

"मग तुला ओझं कळतं. उद्यापासून ये."

माझा थोडा अपमान झाला. मला पदवीबद्दल विचारायला हवं होतं असं वाटलं. त्या वयात मला माझ्या भाषेचा फार अभिमान होता. कलेक्टर कचेरीच्या बोर्डावरच्या नोटिसा मी उभा राहून वाचायचो आणि त्यातले 'सदर', 'विहित', 'अन्यथा' घरी येऊन वहीत उतरवायचो.

पाच गाळ्यांतला दुसरा गाळा कुणाला द्यायचा नाही, हे अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तो बीचा. पहिल्या गाळ्यात अक्का स्वतः मिरची-मसाला घेऊन बसणार होत्या. बाजारात जशा बसायच्या तशाच, शेजारी शेजारी, फक्त डोक्यावर छप्पर. एवढीच त्या बाईची हौस. बंगला नको होता, सोनं नको होतं. मी ती हौस तेव्हा लहान समजलो.

बी आली. तिची टोपली घेऊन तीन पायऱ्या चढली, गाळ्यात बसली, छपराकडं पाहून म्हणाली, "अच्छा है. आसमान नै दिखता, बाकी अच्छा है." पहिलं गिऱ्हाईक आलं आणि घोटाळा लक्षात आला. पाणी तुंबतं म्हणून काकांनी गाळ्यांचं जोतं कंबरेइतकं उचललं होतं. बी वर, बाई खाली रस्त्यावर. बांगडी भरायची तर हात हातात घेऊन, गुडघ्याला गुडघा लावून समोर बसावं लागतं. बाईला वर घ्यावं तर आत जागा पुरेना. बी वाकून वाकून बांगड्या भरायला लागली, तीन फुटल्या, एका पोरीच्या मनगटाला काच लागली. दुपारी बीनं टोपली आवरली.

"मेरा हात नै पोचता, अक्का."

ती गेल्यावर अक्का रस्त्यावर उतरल्या आणि गाळ्याकडं तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग काकांना म्हणाल्या, "सगळं बसून बघितलं. बांधल्यावर कोण बसणार, त्येवढं बघितलं न्हाई. फोडा हे."

जोतं फोडलं. गाळ्यापुढं गुडघ्याइतक्या उंचीचा रुंद ओटा केला आणि पाणी जायला त्याच्याखालून नाली काढली. नाली पहिल्या वर्षी तुंबली आणि काकांनी त्याचा सूड म्हणून अक्कांना रोज तीच आठवण करून दिली, पण ओट्यावर गिऱ्हाईक बसायला लागलं. बसलेलं गिऱ्हाईक उठताना काहीतरी घेऊनच उठतं. शिंपी खूश, चपलावाला खूश. दुसऱ्या गावचे व्यापारी येऊन विचारायला लागले, असा ओटेवाला गाळा आम्हाला मिळंल का. धंदा खरा तिथून वाढला.

ज्या बाईमुळं ओटा झाला ती मात्र तोवर लेकीकडं मुखेडला निघून गेली होती.

अक्कांनी मला बोलावलं. "बीला पत्र लिही. म्हणावं, ओटा खाली केलाय. ये."

"एवढंच?"

"आनि काय लागतंय?"

मला ते बरं वाटेना. कंपनीचं पहिलंच पत्र, नवं छापलेलं लेटरहेड, गोल शिक्का. त्यावर 'ये' कसं लिहायचं? मी वळणदार अक्षरात पानभर लिहिलं. "आपणांस कळविण्यात येते की, सदर इमारतीतील गाळा क्रमांक दोन याचा ताबा आपण विहित मुदतीत समक्ष हजर राहून घ्यावा, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल." 'अन्यथा' लिहिताना मला कोण आनंद झाला होता.

अक्कांनी कागद पाहिला. "लई लांब दिसलालंय."

"ऑफिसचं पत्र असंच असतं, अक्का."

"मी सांगितलं तसंच लिहिलास ना?"

"तसंच."

त्यांनी खाली अंगठा उठवला. सही शिकल्या होत्या तरी अंगठा उठवला, का तर बीला वाचता येत नाही, अंगठा दिसला की तिला माणूस आठवेल. मी पत्र रजिस्टर केलं. आठवड्यानं पोचपावती परत आली. तिच्यावरही निळा अंगठा. अक्कांनी ती पावती कुंकवाच्या डबीखाली ठेवली आणि वाट बघायला लागल्या.

बी आली नाही. त्या महिन्यात नाही, त्या वर्षात नाही.

"पत्र मिळालंय की तिला," अक्का म्हणायच्या. "तरी येत न्हाई. लई लागलंय तिच्या मनाला." मी म्हणालो, "मी जाऊन येतो मुखेडला." तर म्हणाल्या, "नको. बोलावल्यावर न येणाऱ्याच्या दारात माणूस पाठवू न्हाई." त्यांचाही ताठा होताच. माझ्याहून कमी नव्हता.

वर्षं गेली. पत्रे जाऊन स्लॅब आला, वर मजला आला. थोरला मुलगा बांधकामावर उभा राहायला लागला. धाकटा नांदेडला डिप्लोमा करून परतला आणि त्यानं नांदेडलाच दुसरी इमारत काढली. दुपारचं जेवण मात्र सगळ्यांनी ऑफिसात एकत्र करायचं, असा अक्कांचा दंडक. अक्का धपाटे आणायच्या, आणि पहिला धपाटा संपेपर्यंत धंद्याचं बोलायचं नाही. एकदा धाकट्यानं तो नियम मोडून नव्या पाटीचा विषय काढला. पाटीवर त्याला 'डेव्हलपर्स' हवं होतं.

"म्हंजे काय?"

"विकास करणारे."

"कुणाचा?"

धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. मी धपाट्याकडं पाहिलं. पाटी तरीही झाली.

गाळा क्रमांक दोन बंदच होता. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी अक्का स्वतः शटर वर करायच्या, झाडून घ्यायच्या, ओटा पुसायच्या आणि शटर खाली ओढायच्या. गावात बोलणं उठलं. कुणी म्हणे आत धन पुरलंय, कुणी म्हणे आत कुणीतरी फास घेतलाय. वरच्या डॉक्टरांना तिथं औषधाचं दुकान हवं होतं. ते तीनदा येऊन गेले. थोरला वैतागायचा. "अक्का, रस्त्यावरचा असला गाळा बंद ठेवतं का कुणी? ती येत न्हाई आता."

"येत न्हाई ते तिचं झालं," अक्का म्हणायच्या. "राखणं माझं हाय."

तुम्ही त्या वेळी त्यांचा चेहरा पाहायला हवा होता. जागा राखणं म्हणजे काय, हे ज्या बाईकडून त्या शिकल्या, तिच्यासाठीच त्या राखत होत्या. हे पोरांना कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि तरी त्या पत्राचा मला एकदाही संशय आला नाही.

आठ वर्षांनी कंपनीनं मुखेडला बाजाराजवळ एक जागा हेरली. अक्कांचे गुडघे गेले होते, खाली बसणं बंद झालं होतं. मला म्हणाल्या, "माझ्याऐवजी तू बसून ये. दिवसभर. मधी उठू नको." एव्हाना मी मॅनेजर होतो. हातात ब्रीफकेस. मुखेडच्या भर बाजारच्या दिवशी मी ब्रीफकेस मांडीवर घेऊन मातीत बसलो. खाली बसल्यावर माणसांचे फक्त पाय दिसतात. आणि त्या पायांमधून, पलीकडं, माझ्याच उंचीला, बांगड्यांची टोपली घेऊन बसलेली बी दिसली. उभा असतो तर दिसली नसती.

मी उठून गेलो. तिनं मला ओळखलं आणि भराभरा टोपली आवरायला लागली.

"मैं उधर आई नै, बाबा. कागज मिला तब से लातूर में पाँव नै रखी."

"कुठला कागज, बी?"

तिनं बांगड्यांच्या खालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पाकीट काढलं. घरी ठेवला तर लेक घाबरते, म्हणून ती तो कागद टोपलीतच बाळगत होती. गावातल्या एका शहाण्यानं तिला वाचून दाखवलं होतं, केसचा कागद आहे, गाळ्याच्या ताब्यावरून वाद दिसतो, परिणाम होतील, लातुरात पाऊल टाकू नका. "कोर्ट का कागज फेंकते नै ना," बी म्हणाली. "आठ बरस सँभाली."

माझंच अक्षर. वळणदार. मी बाजारात बसून ते तिला ओळीओळीनं वाचून दाखवलं आणि प्रत्येक ओळीचा अर्थ सांगत गेलो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "इसमें अक्का किधर है?"

मी अंगठा दाखवला.

"अंगठा तो सबका सरीका दिसता रे." पाकीट परत गुंडाळत म्हणाली, "सीधा लिखना था ना. अक्का बुलारी, आ जा."

दुपारच्या एसटीनं मी तिला लातूरला आणलं. अक्का पहिल्या गाळ्यापुढं ओट्यावर बसल्या होत्या. बी समोर उभी राहिली. दोघींनी गळाभेट वगैरे काही घेतली नाही. बीनं हातानं ओट्याची उंची चाचपली, बसली, गुडघा टेकवून पाहिला आणि म्हणाली, "हात इधर ला." अक्कांचा हात ओढून घेतला आणि बांगड्या भरायला लागली. मनगट जाड झालं होतं. दोघींचे डोळे भरले, ते बांगडी बसत नव्हती म्हणून, असं दोघी नंतर सांगायच्या.

"आठ वर्षं कुठं होतीस गं?" अक्कांनी विचारलं. बीनं माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं. 'अन्यथा'सकट.

अक्का म्हणाल्या, "आठ वर्षं मी हिच्यावर रुसून होते. आता त्यो रुसवा कुणावर काढू, तुझ्यावर?"

"काढा, अक्का."

"तू पुरत न्हाईस त्याला."

एवढंच. मला काढून टाकलं नाही, पगार कमी केला नाही. त्या दिवसापासून एक रीत मात्र पाडली. मी लिहिलेला कुठलाही कागद आधी इमारत झाडणाऱ्या मावशींना वाचून दाखवायचा. मावशींना समजला तर बाहेर जायचा, नाही तर परत लिहायचा. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "साहेब, हे 'सदर' म्हंजे आपलंच ना? मग 'हे' म्हणा की." मी खोडायचो. आमचे करार वाचून सही करायला लोक घाबरायचे नाहीत, ते त्या मावशींमुळं. तो कागदी डौल माझ्यातून गेला. पदवी राहिली.

दोघी शेजारी शेजारी अडीच वर्षं बसल्या. मिरचीचा खकाणा आणि बांगड्यांची किणकिण. गिऱ्हाईक नसलं की भांडायच्या. बी म्हणायची, तुझ्या मिरचीनं माझी गिऱ्हाइकं शिंकतात. अक्का म्हणायच्या, शिंकताना हात मऊ पडतो, बांगडी सोपी जाते. मी वरच्या ऑफिसातून खिडकी उघडी ठेवून ऐकायचो. ती अडीच वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली. वाया गेलेली आठ त्यात मिळवली असती तर साडेदहा झाली असती. हा हिशेब मला कुठल्याही कॉलेजात शिकवला नाही आणि विसरताही येत नाही.

अक्का गेल्या त्या दुपारी जेवण करून घरी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. ऑफिसात आता दुपारी डबे येतात, ज्याचा त्याचा वेगळा. पहिला घास घेतानाच धंद्याचं बोलणं सुरू होतं. मला अजून तेवढं जमत नाही. मी आधी गप्प जेवतो आणि कुणी फोनवर भाव सांगत असेल तर दार लोटून घेतो.

दोन नंबरचा गाळा बीच्या नावावर करायचं थोरल्यानं स्वतःहून काढलं. धाकट्यानं बक्षीसपत्राचा खर्च नांदेडच्या इमारतीतून घ्यायला सांगितला. कागद मी लिहिला. मावशींनी ऐकला आणि हरकत घेतली नाही.

रजिस्ट्रार कचेरीत कारकुनानं चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडं पाहिलं. एक रकाना भरायचा राहिला होता. "देणाऱ्याच्या घराचं आणि घेणाऱ्याचं नातं काय?"

दोघं भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. मी आठवू लागलो, याला शब्द कुठला. बाकावरून बीच बोलली. "मैं उसके बाजू में बैठती थी."

"तसा रकाना नाही, आजी."

"नै तो नै," बी म्हणाली. "बैठती थी."

कारकुनानं 'इतर' लिहिलं आणि शिक्का मारला. गाळा क्रमांक दोन त्या दिवसापासून बीच्या नावावर आहे.